साहेबांची नेमणूक

आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांनी माझ्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं, त्या दिवशी मी चहाचं आधण ठेवून बाहेर येते तोवर ते बैठकीच्या फरशीवर उताणे झोपले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्ही हात छातीवर आणि डोळे सताड उघडे. मी किंचाळलेच. माझे यजमान स्वतः चर्चचे पाळक आहेत, मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसायची त्यांना सवय आहे, पण तेसुद्धा घाबरून पुढं झाले.

"सरका, उजेड अडवताय," साहेब छताकडं बघत म्हणाले. "खिडकीकडून तिसरा पत्रा. तिथं गळतं ना?"

गळत होतं. पावसाळाभर तिथं आमचं पातेलं मांडलेलं असायचं. पण आम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तक्रारखोर पाळक म्हणून नाव झालं की पुढची नेमणूक कुठं होईल याचा भरवसा नसतो.

साहेब उठले, पाठ झटकली आणि म्हणाले, "उभं राहून बघितलं की सगळीच घरं चांगली दिसतात. पाळकानं घरात झोपायचं असतं, म्हणून घर झोपून बघायचं."

महिन्याभरात पत्रा बदलून आला. पत्रा बसवायला आलेल्या माणसाबरोबर साहेबही आले आणि पुन्हा एकदा आडवे होऊन खात्री करून गेले.

आमच्या मेथडिस्ट मंडळीची पद्धत माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आमच्यात पाळक एका जागी मुक्कामाला राहत नाही. वर्षातून एकदा वार्षिक परिषद भरते. सगळ्या गावांचे पाळक आणि मंडळ्यांची, म्हणजे तिथल्या चर्चची, माणसं जमतात, आणि शेवटच्या दिवशी बिशपसाहेब उभे राहून नेमणुका वाचतात. गावाचं नाव, मग पाळकाचं नाव. ते वाचून होईपर्यंत मागच्या बाकांवर डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या आम्हा पाळकांच्या बायकांचा जीव थाऱ्यावर नसतो. प्रार्थना करत असल्यासारख्या दिसतो, पण मनात गॅसची शेगडी, पोरांची शाळा आणि शिवायला टाकलेलं ब्लाऊज असं सगळं फिरत असतं. आणि कुणाला कुठं धाडायचं हे बिशपसाहेबांच्या कानात सांगणारा माणूस म्हणजे जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट. म्हणजे आमचे साहेब.

अशा माणसाला लोक किती जपतात हे सांगायला नको. साहेब दौऱ्यावर निघाले की जिल्ह्यातल्या कोंबड्यांवर संकट यायचं. साहेबांना ते कळलं तसं त्यांनी जाहीर करून टाकलं, "दौऱ्यावर मी शाकाहारी. माझ्या येण्यानं कुणाच्या परसातली कोंबडी जायला नको." मंडळीतल्या बाया हिरमुसायच्या. मग साहेबांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी मिळायची. ते ती इतक्या गंभीर चेहऱ्यानं खायचे, की आमच्यातल्या दोन-तीन तरुण पाळकांनी त्यांना बघून मटण सोडलं होतं. साहेबांच्या स्वतःच्या घरी दर रविवारी काय शिजतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची आणखी एक खोड होती. ते कुठल्याच पाळकाला नावानं हाक मारायचे नाहीत. नेमणुकीचं गाव हेच पाळकाचं नाव. "काय बार्शी, खोकला गेला का?" "अक्कलकोट, तुमच्या गाडीचं मागचं टायर बघा, डोक्यापेक्षा गुळगुळीत झालंय." आम्ही बायका म्हणजे बार्शीबाई, अक्कलकोटबाई. बदली झाली की परिषदेच्या मांडवातून बाहेर पडायच्या आत आपलं नाव बदललेलं असायचं. अक्कलकोटबाई मूळची कानडी मुलखातली, फटकळ. ती म्हणायची, "यव्वा, बारशाला तरी पेढे वाटतात."

आणि साहेबांचा एक नियम होता. नेमणूक मागायची नाही. ज्यानं अमुक गाव द्या म्हणून तोंड उघडलं, त्याला ते गाव मिळायचं नाही, हे ठरलेलं. परिषदेच्या आधीचे पंधरा दिवस तर ते फोनसुद्धा जवळ ठेवत नसत. तो त्यांच्या बाईंच्या ताब्यात, आणि बाईंनी त्याला तांदळाच्या डब्यात जागा दिलेली. बाई भाताचं माप घ्यायला डबा उघडायच्या आणि आतून सांगायच्या, "अहो, आज भाताला चार फोन येऊन गेलेत." साहेब वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, "शिजवा."

मंडळ्यांची शिष्टमंडळं मात्र फोनवर भागवत नसत. थेट बंगल्यावर यायची. मी एकदा तिथं असतानाच वैरागचे एक म्हातारे कारभारी दोघांना घेऊन आले होते.

"सायेब, या टायमाला आमाला गाणारा पाळक द्या की. आत्ताचा लई शिकलेला हाय, पर गळा न्हाय. गीत सुरू केलं की पोरं हसत्यात."

"गाणारा म्हणता?" साहेबांनी विचार केला. "एक आहे. पण त्याची मोटारसायकल त्याच्यापेक्षा मोठ्यानं गाते."

"चालंल की! गावात आल्याचं तरी कळंल."

सगळे हसले. मीही हसले. तो गाणारा पाळक म्हणजे माझा नवरा आहे, हे मला परिषदेच्या शेवटच्या दिवशी कळलं.

बिशपसाहेबांनी "वैराग" म्हटलं आणि पुढं आमच्या यांचं नाव घेतलं, तेव्हा शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. आम्ही तेव्हा सोलापुरात विडी घरकुल वसाहतीच्या बाजूला राहत होतो. माझी रूथ त्याच महिन्यात नववी पास होऊन दहावीत गेली होती. शाळा चांगली, मैत्रिणी चांगल्या, गणिताची शिकवणी लागलेली. दहावीच्या तोंडावर पोरीला उचलून दुसऱ्या गावी न्यायचं, ही कल्पनाच मला सोसेना. घरी येऊन मी यांना म्हटलं, "तुम्ही जाऊन बोला." हे म्हणाले, "मागायचं नसतं." मी म्हटलं, "तुम्हाला मागायचं नसतं. मी कुठं पाळक आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी रेल्वे लाइन भागातल्या साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब व्हरांड्यात बसून मिक्सर खोलत होते. त्यांना वस्तू खोलायचा नाद होता. जोडायचा तितकासा नव्हता.

"सलाम, वैरागबाई," ते म्हणाले. मला त्या नावाचाच राग आला. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. पोरीचं वर्ष, शिकवणी, आतापर्यंत किती गावं झाली, कशी तक्रार केली नाही, आणि मोठ्या मंडळ्यांमधल्या पाळकांची पोरं कशी एकाच शाळेत शिकतात, तेसुद्धा. बोलता बोलता माझा आवाज चढला, मग रडू आलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मिक्सरचा एक स्क्रू चिमटीत धरून ते ऐकत राहिले.

"तुमचं सगळं बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले.

"मग बदला की."

"ते नाही होणार."

"का नाही होणार? बरोबर आहे म्हणताय ना?"

"बाई, माझ्याकडं जो येतो त्याचं बरोबरच असतं. तुमच्या जागी दुसऱ्याला पाठवला तर त्याची बायको उद्या इथंच उभी राहील, आणि तिचंही बरोबर असेल."

मी पदरानं डोळे पुसून वळले. फाटकापर्यंत गेले असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो वैरागबाई, नेमणूक तुमच्या यजमानांची झालीय. पोरीची कुठं झालीय?"

मी थांबले.

"तिला इथं ठेवा. आमची दोन्ही पोरं आता बाहेरगावी. मागची खोली रिकामी आहे. तिथं गळत नाही, मी झोपून बघितलंय."

आतून बाई बाहेर आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हाताला पीठ लागलेलं. म्हणाल्या, "यांचं काल रात्रीच ठरलंय. मी गादीला ऊनसुद्धा दाखवलं. तुला जरा भांडू दे म्हणून थांबले होते."

असा माणूस. म्हणजे याच्यावर धड चिडायची सोय नाही.

आम्ही वैरागला गेलो. मंडळी आम्हाला घ्यायला बसस्टँडवर ढोलकी घेऊन आली होती. ते म्हातारे कारभारी माझ्या यजमानांना म्हणाले, "पयलं गाऊन दाखवा, मग सामान उतरवू." चेष्टेत म्हणाले, पण सामान खरंच गाणं झाल्यावरच उतरलं. वैराग मला हळूहळू आवडायला लागलं, पण ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही. राग इतक्या लवकर सोडायचा नव्हता.

रूथ मात्र सोलापुरातून रोज संध्याकाळी फोन करायची आणि साहेबांच्या तक्रारी सांगायची. साहेब पहाटे उठून गीत गातात. एकच गीत, आणि ते कधीच बरोबर लागत नाही. साहेब तिला भूगोल शिकवतात. नकाशा न बघता शिकवतात. त्यांच्या भूगोलात भीमा नदी जिकडं मंडळ्या आहेत तिकडून वाहते. आणि एक दिवस ती कुजबुजत म्हणाली, "आई, साहेब कोंबडी खातात."

"काय सांगतेस?"

"दर रविवारी. तंगडी स्वतःला घेतात. मी बघत होते तर मला म्हणाले, दौऱ्यावर शाकाहारी म्हटलं होतं, घरी नाही."

मी ही बातमी अक्कलकोटबाईला सांगितली. त्यानंतर जिल्ह्यात ती पोहोचवायची मला गरज पडली नाही. मटण सोडलेल्या तरुण पाळकांनी त्याच आठवड्यात पुन्हा धरलं.

आणखी एक गोष्ट रूथनं सांगितली, ती मात्र हसण्यासारखी नव्हती. बाई तिच्याकडून सुईत दोरा ओवून घेत. रोज सकाळी शास्त्रातला अध्याय तिला मोठ्यानं वाचायला लावत. तिला वाटलं, वळण लावतायत. "पण आई, त्यांना दिसत नाही गं नीट. काल दुधाची पिशवी समोर होती आणि त्या हातानं चाचपत होत्या." मी बाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "साखर आहे ना अंगात, ती आता डोळ्यांपर्यंत पोचलीय. डॉक्टर सुया देतायत. तू नको काळजी करू, तुझ्या पोरीला भाजी खारट मिळते एवढंच."

परीक्षा आली. रूथचं सेंटर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. पहिल्या पेपरच्या दिवशी साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून इतकी लांब प्रार्थना केली, की स्वयंपाकघरातून बाईंनी "आमेन" म्हणून ती संपवली. मग स्कूटर सुरू होईना. ती आडवी कलवून झाली, किका मारून झाल्या. शेवटी साहेब रस्त्यात हात पसरून उभे राहिले आणि एक रिक्षा अडवली. रिक्षावाल्यानं गणवेशातली पोरगी बघितली आणि म्हणाला, "बैठो साब, जल्दी बैठो, बच्ची का पेपर है ना!" त्यानं अशी रिक्षा मारली की साहेबांनी उरलेली प्रार्थना रस्त्यात पुरी केली.

पोरीला आत सोडून ते घरी गेले नाहीत. शाळेच्या भिंतीलगत निंबाखाली काळं पुस्तक उघडून बसले आणि ओठ हलवत राहिले. बंदोबस्तावरच्या पोलिसानं थोडा वेळ बघितलं आणि काठी आपटत आला.

"ओ काका, हितं काय करताय? कॉपी पुरवताय की काय?"

"प्रार्थना पुरवतोय," साहेब म्हणाले.

पोलिसानं पुस्तक हातात घेऊन चाळलं, आत काही चिठ्ठ्या आहेत का बघितलं, परत दिलं आणि म्हणाला, "ती पण त्या चहाच्या टपरीपाशी बसून पुरवा. आमचे साहेब राउंडला येतेत."

पुढच्या पेपरला साहेब गेले तर टपरीपाशी त्यांच्यासाठी स्टूल ठेवलेलं. पोलीस जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, आमचा पोरगा बारावीला हाय. त्याचं पण जरा बघा की." साहेबांनी पोराचं नाव विचारून घेतलं. त्या पोरासाठीची प्रार्थना त्यांनी निकाल लागेपर्यंत चालू ठेवली होती, असं रूथ सांगते. निकालाला साहेबांनी पेढे वाटले आणि भूगोलाचं श्रेय स्वतःकडं घेतलं. रूथला सगळ्यात कमी मार्क भूगोलात होते.

काही वर्षं गेली. सुपरिंटेंडेंटची खुर्चीसुद्धा जन्माची नसते. मुदत संपली की तोही पुन्हा साधा पाळक होतो, आणि त्याचंही नाव परिषदेत वाचलं जातं. साहेबांची मुदत त्या वर्षी संपणार होती. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, मोठी मंडळी मिळणार. कुणी म्हणालं, ज्यांना ज्यांना यांनी रानावनात धाडलं, ते आता मजा बघणार. हे दुसरं लिहिणाऱ्यानं पुढं हसणारं तोंड टाकलं होतं, पण ते काही निव्वळ हसणं नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र बाईंचे डोळे होते. आम्ही सोलापुरात परिषदेला आलो तेव्हा मी बंगल्यावर गेले. बाईंनी मला आवाजावरून ओळखलं. व्हरांड्यातून आत जाताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागला. त्या बंगल्यातल्या खोल्या मोठ्या, दोन खांब मध्येच उभे. त्या हात पुढं धरून चालत होत्या.

साहेब बाहेर सोडायला आले तेव्हा मी म्हटलं, "साहेब, एकदा बिशपसाहेबांशी बोला. दवाखाना इथं, डॉक्टर इथं. गावातलीच एखादी लहान मंडळी मागून घ्या."

ते माझ्याकडं बघत राहिले. "ज्या तोंडानं तुम्हाला नाही म्हटलं, त्याच तोंडानं मागू?"

"मग काय बाईंनी अंधारात राहायचं?"

हे मी फार लागेलसं बोलले. साहेब फाटकाची कडी लावून आत गेले.

मी तशीच बार्शीबाई आणि अक्कलकोटबाईला गाठलं. आम्ही तिघींनी या माणसाच्या नेमणुकांपायी घरं मांडली आणि मोडली होती. तिघींनाही त्यानं कधी ना कधी नाही म्हटलेलं. पण अक्कलकोटबाई ताडकन उठली. "चला. त्याला मागायला येत नाही ना, आपण मागू. मागून मागून आपण तिघीजणी त्यात तयार झालोय."

बिशपसाहेब पाहुण्यांच्या खोलीत बसले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते ऐकून हसले, पण हसणं मध्येच थांबलं.

"त्यांना माहीत आहे का तुम्ही इथं आलाय ते?"

"नाही हो," बार्शीबाई घाबरून म्हणाली. "कळलं तर आम्हाला जाता जाता चंद्रावर नेमतील."

"बाई, शहरातली मंडळी मी त्यांना आपणहून देऊ केली होती. नको म्हणाले." बिशपसाहेबांनी कप खाली ठेवला. "काल आले होते माझ्याकडं. बराच वेळ नुसता घाम पुसत बसले. मला वाटलं राजीनामा देतायत. मग म्हणाले, मला एक गाव मागायचंय."

आम्ही तिघी एकमेकींकडं बघायला लागलो.

"श्रीपूर मागितलं."

श्रीपूर म्हणजे साखर कारखान्याच्या आसऱ्यानं वसलेलं गाव. मंडळी लहान. पाळकाचं घर त्याहून लहान. तिथं जायला कोणी राजी नसायचं.

"कारण?" मी विचारलं.

"मीही विचारलं. म्हणाले, घर ओळखीचं आहे. बस, एवढंच."

साहेबांची पहिली नेमणूक तिथंच झाली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला जुनी जागा आठवली. मला तर राग आला. आयुष्यात एकदा मागितलं, आणि तेही स्वतःच्या हौसेचं. बाईंच्या डोळ्यांचा विचार नाही.

शेवटच्या दिवशी बिशपसाहेबांनी "श्रीपूर" म्हणून साहेबांचं नाव वाचलं तेव्हा मांडवात कुजबुज झाली. साहेबांनी ते गाव मागून घेतलं हे तोवर कसं कुणास ठाऊक सगळ्यांना कळलं होतं. आमच्या तिघींमधून गेलं नसेल, अशी मी शपथ घेणार नाही. एक तरुण पाळक मागून बोललाच, "आम्ही मागितलं की पाप, आणि साहेबांनी मागितलं की नेमणूक." साहेबांनी ते ऐकलं. मान वळवून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि पुन्हा पुढं बघायला लागले. तो बिचारा जो गप्प झाला, तो जेवणाच्या पंगतीतही बोलला नाही.

त्याच परिषदेत आमची टेंभुर्णीला बदली झाली. तिथून श्रीपूर जवळ. दिवाळी झाल्यावर मी एकटीच एसटीनं निघाले. मनात अजून अढी होती. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, हवेत मळीचा वास, आणि कारखान्याची काळी राख दोरीवरच्या कपड्यांवर बसलेली. घर विचारत गेले. एक बाई दुधाचा तांब्या घेऊन तिकडंच चालली होती, मंडळीतलीच. तिनं मला सोबत घेतलं.

"साहेबांचं बरं चाललंय ना?" मी विचारलं.

"व्हय की. पर आदी आमाला लई भ्या वाटलं हुतं," ती म्हणाली. "बदलीच्या आदी एकदा एकटंच आलं हुतं फटफटीवर. जुन्या पाळकाला म्हणलं, तुमी जरा भाईर बसा. आन् सोता डोळं मिटून, हात म्होरं करून घरभर फिरायला लागलं. सैपाकघरात गेलं, न्हाणीत गेलं, मागल्या दारानं चर्चपातूर आलं. डोळं मिटूनच. आमाला वाटलं, सायबाला काय तरी झालं."

माझे पाय जागीच थांबले.

घरात पोहोचले तेव्हा साहेब नव्हते. ऊसतोडीच्या टोळीत कुणाचं तरी मूल आजारी होतं, तिकडं गेले होते. बाई स्वयंपाकघरात होत्या. माझा आवाज ऐकताच त्या बाहेर आल्या. हात पुढं धरलेला नव्हता. दारातून वाकून, पायरी चढून, खाट टाळून सरळ माझ्यापाशी आल्या आणि माझे गाल हातात धरले. मग परत वळल्या, कोनाड्यातून साखरेचा डबा घेतला, चुलीवर आधण ठेवलं. सोलापूरच्या बंगल्यात चौकटीला धडकणाऱ्या त्या ह्याच बाई, हे मला खरं वाटेना.

"दिसतं का आता?" मी विचारून गेले.

"कुठलं दिसतंय गं. नुसता उजेड-अंधार कळतो." त्या सहज बोलल्या. "डॉक्टर म्हणाले, आता सुया देऊन उपयोग नाही. मग मी यांना म्हटलं, मला आपल्या श्रीपूरच्या घरी न्या. नवी नवरी मी इथंच आले. पोरं इथंच चालायला शिकली. दिवे जायचे तेव्हा अंधारातच स्वयंपाक केलाय इथं. या घराला मला डोळे लागत नाहीत."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"काहीच नाही. चार दिवस धड जेवले नाहीत. रविवारीसुद्धा नाही." त्या हसल्या. "मला म्हणायला लागले, दुसऱ्यांना कधी दिलं नाही, मी कसं मागू? मी म्हटलं, तुम्ही तुमच्यासाठी मागू नका. मी मागितलंय, ते बिशपसाहेबांना पोचवा."

बाहेर चपला वाजल्या. साहेब आले. शर्टावर राखेचे ठिपके, हातात कुणीतरी दिलेली उसाची कांडकी. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "सलाम, टेंभुर्णीबाई! घर आवडलं का? पत्रा एक नंबर आहे."

मला त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. नुसतं "आवडलं" म्हटलं.

"अहो, वाका," चुलीकडं तोंड करून बाई म्हणाल्या.

उशीर झाला होता. स्वयंपाकघराच्या बुटक्या दाराच्या चौकटीवर साहेबांचं कपाळ आपटलं. आवाज चांगला मोठा झाला.

"रोज सांगते," बाई म्हणाल्या.

"हा दरवाजा तेव्हा एवढा खाली नव्हता," साहेब कपाळ चोळत म्हणाले.

"दरवाजा तेवढाच होता. तुम्ही तेव्हा वाकत होतात."

साहेब वाकून आत आले, पाटावर बसले, आणि बाईंनी चहा बशीत ओतून ती बरोबर त्यांच्या हातात दिली.